हिरवळीचे फाटक

गोल्फ म्हणजे साहेबांचा खेळ, असे आमच्या भिवापुरात कोणीही सांगेल. मिरचीच्या वावरात राबणाऱ्याला त्या हिरवळीशी काय देणेघेणे? मीही तसेच म्हणत असे. मग वाचले, की पुण्यात जन्मलेला अनिर्बन लाहिरी २०१५ साली अमेरिकेतल्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये संयुक्त पाचवा आला. अभिमान वाटला. पण त्याचे वडील लष्करात डॉक्टर. मैदान त्याला लहानपणीच लाभले. मला अली शेर अधिक जवळचा. दिल्लीत इतरांच्या काठ्यांच्या पिशव्या वाहणाऱ्या या कॅडीने १९९१ साली इंडियन ओपन जिंकली! आमच्या घरातून कॉलेजात आलेला पहिला मीच, म्हणून फाटकाबाहेरचे उभे राहणे मला कळते. प्रत्येक क्लबाने आठवड्यातून एक सकाळ कॅडींच्या मुलांना मैदान फुकट द्यावे. गवत काही झिजणार नाही.