परमिट वर्षभराचे, मुक्काम कायमचा

‘कल्याण आरटीओतून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट घेतले की परदेशात गाडीची चिंता मिटली’ असे बदलापूरचे पत्रलेखक म्हणतात. हे अर्धेच खरे. परमिट फार तर वर्षभराचे, तेही मूळ परवाना खिशात असेल तरच. पर्यटकाला ते पुरते. बिऱ्हाड हलवणाऱ्याला नाही. रहिवासी झाल्यावर ब्रिटनमध्ये १२ महिने, जर्मनीत ६, पुढे तिथलाच परवाना. कॅलिफोर्नियात तर १० दिवसांतच अर्ज! कल्याण-बदलापूर रस्त्यावर खड्डे आणि रिक्षा चुकवत वर्षे काढलेल्यालाही तिथे परीक्षा सुटत नाही, आणि सुटूही नये. मुदतीनंतर अपघात झाला तर विम्याचे पैसे मिळणे अवघड. परदेशी निघालेल्या मुलांना परमिटासोबत हेही सांगून पाठवा.
– एक वाचक, अंबरनाथ (पूर्व)