कोयता एक, माणसे दोन

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आपल्याकडे वहीची पूजा होते. नव्या वहीच्या पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक उमटते, त्याच्या दोन्ही बाजूंना ‘शुभ’ आणि ‘लाभ’ असे शब्द लिहिले जातात, आणि मगच दुकानदार तिच्यात पहिला आकडा घालतो. लाभाच्या आधी शुभ लिहावयाचे, हे त्या रिवाजातले शहाणपण. आमच्या दुकानदाराने जे एका शब्दात उरकले, त्यासाठी अलीकडे मोठमोठ्या कंपन्यांनी स्वतंत्र वहीच घातली आहे. शुभाची वही! तिला म्हणतात ईएसजी. पर्यावरण, समाज आणि कारभार या अर्थाच्या तीन इंग्रजी शब्दांची ती आद्याक्षरे. कंपनीने धूर किती सोडला, पाणी किती उपसले, कामगारांना कसे वागवले, संचालकांनी कारभार सचोटीने केला की नाही, हे सारे या वहीत आकड्यांनी मांडावयाचे.

हेतू वाईट आहे असे कोण म्हणेल? आपल्या देशात ‘सेबी’ने २०१२ साली शेअरबाजारातल्या पहिल्या शंभर कंपन्यांना असा अहवाल सक्तीचा केला, आणि २०२२-२३ या वर्षापासून पहिल्या एक हजार कंपन्यांना नव्या, सविस्तर नमुन्यात तो देणे भाग पडले. त्यात नऊ तत्त्वे आहेत आणि प्रत्येक तत्त्वाखाली प्रश्नांची लांबलचक माळ आहे. या सक्तीपूर्वी यातले कितीतरी कुणी लिहूनच ठेवीत नसे. कंत्राटी कामगार किती, अपघात किती, स्त्रियांच्या हाती पगाराचा वाटा किती, हे आज निदान कागदावर येते. तेव्हा ‘ही सारी थोतांडे बंद करा’ म्हणणाऱ्यांत मी नाही. माझे भांडण वहीशी नाही. ती कोण लिहितो, कुणासाठी लिहितो, आणि ज्यांच्याविषयी लिहितो त्यांना ती कधी वाचून दाखवतो का, याच्याशी आहे.

वही भरते कशी, ते आधी पाहू. कारखान्यातला कुणी अधिकारी विजेचा मीटर वाचतो, डिझेलची बिले जुळवतो, पाण्याची मोजणी करतो. एक लिटर डिझेल जळले की सुमारे पावणेतीन किलो कार्बन वायू हवेत जातो. वीजमंडळाकडून एक युनिट घेतले की त्याच्या नावे सुमारे पाऊण किलो मांडावयाचा. हे गुणाकार मुख्य कचेरीत जातात, तिथे सल्लागार त्यांचे तक्ते करतात, मग गुण देणाऱ्या संस्था गुण देतात, आणि त्या गुणांवर बोट ठेवून गुंतवणूकदार पैसा घालतो. इथवर ठीक. मीटर खोटे बोलत नाही.

पण माणूस हिशोब मांडावयास बसला, की मीटरलाही बोलावयास शिकवता येते. एक मासला सांगतो. नमुन्यात ऊर्जेचा खप एकूण तर मागतातच, शिवाय विक्रीच्या दर रुपयामागे किती, तेही मागतात. आता मालाची किंमत वाढली, विक्री फुगली, की हा दुसरा आकडा आपोआप उतरतो. भट्टीत कोळसा पूर्वीपेक्षा जास्त जळाला तरी कंपनी ‘सुधारली’! गुळगुळीत कागदावर मोठ्या टाइपात छापला जातो तो हा दुसरा आकडा. आमच्या वर्गातल्या मुलाचे वीस गुण होते ते पंधरा झाले, पण वर्गात मुले वाढल्यामुळे त्याचा क्रमांक ‘शंभरात तिसरा’ झाला, म्हणून त्याच्या बापाने पेढे वाटावेत, तसलाच हा प्रकार.

आणि परीक्षक? त्यांचे तर काय सांगावे! २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तीन संशोधकांनी अशा सहा संस्थांचे गुण ताडून पाहिले. पूर्ण एकमत म्हणजे १ धरले, तर या सहांचे एकमत सरासरी ०.५४ भरले. एकच पेपर एकाने पहिल्या वर्गात काढावा आणि दुसऱ्याने कसाबसा पास करावा, अशी ही तपासणी. शिवाय परीक्षकाची फी परीक्षार्थीने द्यावयाची, ही पद्धतही नियमात बसते. शाळेत असे झाले तर गावकरी मास्तराला वेशीबाहेर काढतील.

याचे फळ काय होते, त्याची उदाहरणे शोधावी लागत नाहीत. २००८ साली सत्यम कंपनीला उत्तम कारभाराबद्दल सोनेरी मोराचे पारितोषिक मिळाले. २००९ च्या जानेवारीत तिच्याच अध्यक्षांनी हिशोब खोटे असल्याचे लिहून दिले. पण ते पैशाचे प्रकरण; पैसा बुडाला तरी माणूस उरतो. ब्राझीलमधल्या ब्रुमाडिन्यो या गावी तसे झाले नाही. तिथे वाले नावाच्या बलाढ्य खाणकंपनीचा खाणीतला गाळ अडवणारा बांध होता. २०१८ मध्ये तपासनिसांनी तो स्थिर असल्याचा दाखला दिला. २५ जानेवारी २०१९ रोजी दुपारी बांध फुटला. कामगारांचे भोजनगृह बांधाच्या खालच्याच अंगाला होते, आणि ती जेवणाची वेळ होती. २७० माणसे गेली. पुढे २०२२ मध्ये अमेरिकेच्या शेअरबाजार नियामकाने कंपनीवर आरोप ठेवला तो असा की, बांध मान्य कसोट्यांना उतरत नाही हे ठाऊक असूनही तिने आपल्या अहवालांतून गुंतवणूकदारांना सुरक्षिततेची ग्वाही दिली. २०२३ मध्ये ५ कोटी ५९ लाख डॉलरांवर तडजोड झाली. नीट लक्षात घ्या : या खटल्यात फसवला गेला तो गुंतवणूकदार! बांधाखाली जेवावयास बसलेल्यांसाठी तो अहवाल लिहिलेलाच नव्हता. अहवालाच्या कोठल्याही पानावर त्यांची सही कुणी मागितली नव्हती.

ब्राझील दूर आहे म्हणून हायसे वाटून घेण्याचे कारण नाही. दिवाळीच्या करंजीत जी साखर पडली, तिच्या वाटेने आपण चार पावले मागे जाऊ. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून बिऱ्हाडेच्या बिऱ्हाडे ऊसतोडीला निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती अंगमेहनतीने फेडावयाची. नवरा-बायको मिळून जी जोडी होते, तिला व्यवहारात म्हणतात ‘एक कोयता’. हिशोब कोयत्याचा, उचल कोयत्याला, मजुरी टनावर आणि कोयत्याच्या नावावर. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधते आणि डोक्यावरून वाहते. पण वहीत कोयता एक, माणसे दोन! एक दिवस खाडा झाला की दंड दोघांच्या बोडक्यावर. मग पाळीचे चार दिवससुद्धा परवडेनासे होतात. २०१९ साली राज्य सरकारने नेमलेल्या समितीच्या पाहणीत बीडमधल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. सहांतली एक! महाराष्ट्रातल्या या फडांतली साखर कोका-कोला आणि पेप्सी यांच्या पुरवठ्यात जाते, ही हकीकत न्यूयॉर्क टाइम्सने मार्च २०२४ मध्ये जगापुढे मांडली.

आता ही बाई शुभाच्या वहीत कोणत्या रकान्यात शोधावयाची? कारखाना म्हणतो, ती आमची कामगार नव्हे, मुकादमाची. साखर घेणारी कंपनी म्हणते, आम्ही कारखान्याला ओळखतो, फडाला नाही. पुरवठा करणाऱ्यांची माहिती मागण्याचा नियम ‘सेबी’ने काढला खरा, पण तो एक वर्ष पुढे ढकलला, आणि खरेदीत ज्याचा वाटा दोन टक्के किंवा अधिक, असाच पुरवठादार त्यात धरावा अशी मुभा दिली. मुकादमाचा वाटा किती टक्के, आणि त्याच्या उचलीत बांधलेल्या बाईचा किती? ज्या घरात बाईला स्वतंत्र आकडाच नाही, तिथे टक्का कशाचा काढणार!

कुणी म्हणेल, टीका सोपी, उपाय सांगा. उपाय आपल्याच देशात सापडला आहे, आणि तो सल्लागारांना नव्हे, मजुरांना सापडला. २ डिसेंबर १९९४ रोजी राजस्थानातल्या कोट किराणा गावी मजदूर किसान शक्ती संघटनेने पहिली जनसुनवाई भरवली. सरकारी कामांच्या नोंदी, हजेरीपटांवरची नावे गावकऱ्यांसमोर मोठ्याने वाचली गेली. जी वही कचेरीत खरी ठरत होती, ती चावडीवर उघडताच खोटी पडू लागली; कारण ऐकणाऱ्यांना कोण कामावर होते आणि कोण नव्हते हे पक्के ठाऊक होते. त्यातूनच माहितीच्या अधिकाराची चळवळ उभी राहिली, आणि २००५ च्या रोजगार हमी कायद्यात ग्रामसभेकडून हिशोबतपासणीचे कलम आले. जे सरकारला करावयास लावता आले, ते कंपन्यांना का लावता येऊ नये?

मागणी साधी आहे. ज्यांच्याविषयी वही लिहिली, त्यांच्या भाषेत ती कारखान्याच्या दारात लावा, आपल्याकडे मराठीत. फडावर, वस्तीवर ती वाचून दाखवा. नवरा वेगळा मोजा, बायको वेगळी मोजा. आणि शेवटी, ज्यांची नोंद आहे त्यांची सही किंवा अंगठा घ्या. त्यांना मान्य नसेल, तर त्यांचा विरोधही त्याच पानावर छापा. याला संगणक लागत नाही, सल्लागार लागत नाही. लागते ती ऐकून घेण्याची तयारी.

वाचकहो, या वह्या गुंतवणूकदारासाठी लिहिल्या जातात असे मी वर म्हटले. तो गुंतवणूकदार कोणी परका नव्हे. म्युच्युअल फंडात दरमहा पाचशे रुपये टाकणारा आपल्या घरातलाच मुलगा, निवृत्तीचा पैसा शेअरांत गुंतवणारे आपलेच काका. कंपनीचा वार्षिक अहवाल घरी आला, की लाभाचे पान सगळेच उघडतात. यंदा शुभाचेही उघडा, आणि कंपनीला एका पत्राने एवढेच विचारा : तुमच्या वहीत कोयते किती, आणि बाया किती?