कोरियाची सवय परक्यांना होते. परक्यांची कोरियाला कधी?

ओळख होऊन दोन मिनिटेही होत नाहीत, तोच समोरचा माणूस विचारतो, 'आपला जन्म कोणत्या वर्षीचा?' दक्षिण कोरियात नव्याने राहायला गेलेल्या परदेशी माणसाला बसणारा हा बहुधा पहिला धक्का. त्यात आगाऊपणा नसतो, गरज असते. कोरियन भाषेत क्रियापदाचे रूप समोरच्याच्या वयावर आणि दर्जावर ठरते. अनोळखी माणसाशी सारेच आदरार्थी बोलतात. पण ओळख पुढे न्यायची, तर थोरला कोण आणि धाकटा कोण याचा निवाडा आधी व्हावा लागतो. त्यासाठी एका वर्षाचे अंतरही पुरते.

वय मोजण्याची रीतही निराळी. मूल जन्मताच एक वर्षाचे धरायचे आणि नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी सर्वांच्याच वयात एकाची भर घालायची. त्यामुळे ३१ डिसेंबरला जन्मलेले बाळ दुसऱ्याच दिवशी दोन वर्षांचे होत असे. २८ जून २०२३ पासून सरकारी आणि कायदेशीर कामकाजात आंतरराष्ट्रीय पद्धतीचे वय ग्राह्य धरण्यात आले. लष्करी सेवा आणि शाळाप्रवेश यांसारख्या बाबींत मात्र जन्मवर्षाचाच हिशेब कायम राहिला. जन्मवर्ष विचारण्याची सवयही एका कायद्याने सुटणारी नाही.

अशा धक्क्यांच्या गमतीदार याद्या पर्यटनविषयक लिखाणात नेहमी वाचायला मिळतात. परंतु आज या विषयाकडे केवळ गंमत म्हणून पाहता येणार नाही. २०२३ मध्ये कोरियातील जननदर स्त्रीमागे ०.७२ इतका खाली गेला. त्यानंतर त्यात किंचित सुधारणा झाली असली, तरी लोकसंख्या टिकवण्यासाठी लागणाऱ्या २.१ या पातळीपासून तो फार दूर आहे. दुसरीकडे, २०२४ च्या अखेरीस कोरियात राहणाऱ्या परदेशी नागरिकांची संख्या सुमारे साडेसव्वीस लाखांवर, म्हणजे लोकसंख्येच्या पाच टक्क्यांच्या आसपास पोहोचली. परक्यांनी कोरियाची सवय करून घ्यावी, एवढ्यावर आता भागणारे नाही.

रीतीरिवाजांचे धक्के

रोजच्या जीवनातील बहुतेक धक्के वर्षभरात पचनी पडतात. कचऱ्याचेच पाहा. १९९५ पासून तेथे कचरा टाकण्यासाठी स्थानिक प्रशासनाने ठरवून दिलेल्या पिशव्या विकत घ्याव्या लागतात. जितका कचरा अधिक, तितका खर्च अधिक. २००५ मध्ये खरकटे थेट जमिनीत पुरण्यास बंदी आली आणि २०१३ पासून त्याच्यावरही प्रमाणानुसार शुल्क सुरू झाले. अनेक गृहसंकुलांत कार्ड दाखवताच यंत्राचे झाकण उघडते, खरकटे तोलले जाते आणि तेवढे पैसे त्या घराच्या नावे लागतात. नवखा माणूस आधी वैतागतो. पण नव्वद टक्क्यांहून अधिक ओला कचरा पुनर्वापरात जातो हे कळले, की तोही मुकाट्याने वर्गीकरण करू लागतो.

शाकाहारी भारतीयाची परीक्षा अधिक कठीण. किमची म्हणजे कोबीचे लोणचे, अशा समजुतीने तो ती पानात वाढून घेतो. तिच्यात बहुधा खारवलेली कोळंबी किंवा माशांचा अर्क असतो. साध्या भाजीच्या रश्शालाही सुक्या माशांच्या पाण्याचा आधार असतो. अशा वेळी बौद्ध मठांतील भोजन दिलासा देते. तेथे मांस-मासे नाहीतच, शिवाय कांदा-लसूणही वर्ज्य. चातुर्मास पाळणाऱ्या घरातून गेलेल्या माणसाला ते पान परके वाटणार नाही.

थोरामोठ्यांना काही देताना दोन्ही हात पुढे करायचे, आपला पेला आपणच भरायचा नाही, वडीलधाऱ्यांसमोर मद्याचा घोट घेताना तोंड बाजूला वळवायचे, भातात काड्या उभ्या रोवायच्या नाहीत (मृतांना नैवेद्य दाखवताना तसे करतात) हे संकेत पाश्चात्त्यांना पाठ करावे लागतात. थोरांसमोर विडीकाडी न ओढण्याचा संकोच पाहिलेल्या मराठी माणसाला त्यांचे मर्म चटकन उमगते.

ओळखीच्या खुणा

खरे तर युरोप-अमेरिकेतून आलेल्यांना धक्का देणाऱ्या कित्येक गोष्टी मराठी माणसाला घरच्यासारख्या वाटाव्यात. खाणावळीत वाढणाऱ्या प्रौढ महिलेला कोरियन ग्राहक 'इमो' अशी हाक मारतात. तिचा अर्थ चक्क 'मावशी'. भेटताच 'जेवलात का?' अशी विचारपूस होते. कोरियन गृहिणी नवऱ्याचा उल्लेख 'आमचा नवरा' असा करते, तेव्हा इंग्रजी भाषक चक्रावतो; आपल्याकडे 'आमचे हे' म्हणणाऱ्या पिढीला त्यात वावगे काही दिसणार नाही.

घर भाड्याने घेण्याची 'जॉन्से' ही पद्धतही अशीच. घराच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक असू शकणारी रक्कम घरमालकाकडे अनामत ठेवायची, बहुधा दोन वर्षे मासिक भाड्याविना राहायचे आणि जाताना रक्कम परत घ्यायची. मुंबईतील 'हेवी डिपॉझिट'चा व्यवहार ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. त्यातील धोकाही दोन्हीकडे सारखाच. घरमालक पैसे परत करू न शकल्याने कोरियात असंख्य तरुण भाडेकरू नागवले गेले आणि २०२३ मध्ये त्यांच्या साह्यासाठी खास कायदा करावा लागला.

हे साम्य केवळ कुतूहलापुरते नाही. पुणे जिल्ह्यात रांजणगावला एलजीचा कारखाना आहे आणि तळेगावचा जनरल मोटर्सचा प्रकल्प ह्युंदाईने घेतला आहे. कोरियन वरिष्ठांच्या हाताखाली काम करणाऱ्या मराठी तरुणांना ज्येष्ठतेची उतरंड आणि 'प्पल्ली-प्पल्ली', म्हणजे 'लवकर-लवकर'चा तगादा घरबसल्या अनुभवता येतो.

सवय कशाची करायची?

मात्र सारेच धक्के या जातीचे नाहीत. रीतीची सवय करून घेणे हे पाहुण्याचे शहाणपण. अन्यायाची सवय होणे ही हतबलता. कोरियात ऑगस्ट २००४ पासून परदेशी कामगारांसाठी परवाना पद्धत लागू आहे. नेपाळ, व्हिएतनाम, कंबोडिया, श्रीलंका आदी देशांतून तिच्याद्वारे माणसे येतात आणि लहान कारखाने, शेती, मासेमारी अशा कोरियन तरुणांनी पाठ फिरवलेल्या क्षेत्रांत राबतात. या पद्धतीत कुटुंबाला सोबत आणण्याची मुभा ठेवली गेली नाही आणि मालक बदलण्यावर कडक निर्बंध घातले गेले. डिसेंबर २०२१ मध्ये तेथील संवैधानिक न्यायालयाने हे निर्बंध वैध ठरवले. मालकाच्या मर्जीवर राहण्याचा हक्क अवलंबून असेल, तर तक्रार करण्याचे धाडस कोण करणार?

परिणाम समोर आहेत. डिसेंबर २०२० मध्ये पोचॉन येथे शेतावरील प्लास्टिकच्या हरितगृहात वास्तव्याला असलेली एक कंबोडियन कामगार महिला ऐन थंडीत मृतावस्थेत आढळली. मार्च २०२१ मध्ये सोल महानगराने सर्व परदेशी कामगारांना कोरोना चाचणी सक्तीची केली. भेदभावाची टीका होताच दोनच दिवसांत आदेश मागे घेतला. जून २०२४ मध्ये ह्वासॉंग येथील बॅटरी कारखान्याच्या आगीत २३ जण दगावले. त्यांपैकी १८ परदेशी होते. जुलै २०२५ मध्ये एका श्रीलंकन कामगाराला विटांच्या गठ्ठ्याला बांधून फोर्कलिफ्टने उचलल्याची चित्रफीत उघड झाली, तेव्हा अध्यक्ष ली जे-म्यंग यांनाच तिची दखल घ्यावी लागली.

कोरियाने काहीच केले नाही असे नाही. २००८ मध्ये बहुसांस्कृतिक कुटुंबांच्या साह्यासाठी कायदा झाला. परदेशी वधूंना भाषा शिकवणारी केंद्रे उभी राहिली. पण त्यातही भर परक्यांना कोरियन बनवण्यावरच राहिला. सर्व प्रकारच्या भेदभावाला प्रतिबंध करणारे विधेयक २००७ पासून अनेकदा मांडले गेले. ते संमत झालेले नाही.

'भूमिपुत्र' आणि 'परप्रांतीय' हा वाद महाराष्ट्राला नवा नाही. त्यामुळे कोरियाला उपदेश करण्याचा अधिकार आपल्याला कितपत आहे, हा प्रश्नच आहे. तरीही एवढे म्हणता येईल, की जो परका खरकटे वेगळे करायला शिकतो, दोन्ही हातांनी पेला पुढे करतो आणि वाढणारीला 'मावशी' म्हणतो, त्याने आपल्या वाटची निम्मी वाट चालून झालेली असते. उरलेली निम्मी यजमानांची आहे.