कागदावर येईल तेच खरे

जातीवरून शिवीगाळ होते, मारहाण होते, गावात बहिष्कार पडतो. आपली माणसे पोलीस ठाण्यात जातात आणि 'एन.सी.'चा कागद घेऊन परत येतात. आम्ही कारकुनी करून पोट भरणारे. नोंदीची किंमत आम्हाला ठाऊक आहे. सरकारदरबारी जे लिहिले गेले नाही, ते घडलेच नाही! २०२२ साली देशात अनुसूचित जातींवरील ५७,५८२ गुन्हे नोंदले गेले. जे नोंदलेच नाहीत, ते कोणत्या वहीत शोधायचे?

नुसती नोंदही पुरत नाही. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत आपल्या समाजाच्या एका कुटुंबातील चौघांची हत्या झाली. २००८ साली आठ जणांना खुनाबद्दल शिक्षा झाली, पण अॅट्रॉसिटीचे कलम टिकले नाही. २०१० साली उच्च न्यायालयातही ते टिकले नाही. खून दिसला, जात दिसली नाही!

१९८९ च्या या कायद्यात तेव्हा गंभीर गुन्हा 'जातीच्या कारणावरून' झाला, हे सिद्ध करावे लागे. दुसऱ्याच्या मनातले कारण सिद्ध करायचे कसे? २०१५ साली दुरुस्ती झाली, ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. आता आरोपीला जात माहीत होती, एवढे पुरते. तो त्या घराच्या ओळखीचा असेल, तर ती त्याला माहीत होती असे न्यायालय धरून चालते.

म्हणून बंधुभगिनींनो, हे ध्यानात ठेवा. तोंडी खबरही पोलिसांनी लिहून घ्यायची, वाचून दाखवायची, मग सही घ्यायची. नक्कल फुकट मिळते. वापरलेला जातिवाचक शब्द, जागा, वेळ, साक्षीदार हे सारे त्यात आल्याशिवाय सही करू नका. ठाण्यात नकार मिळाला, तर तीच खबर लिहून पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवा. कर्तव्यात मुद्दाम कसूर करणाऱ्या, अनुसूचित जाती-जमातीबाहेरच्या अधिकाऱ्याला कलम ४ प्रमाणे सहा महिने ते एक वर्ष कैद आहे.

'तुम्ही तर बौद्ध, तुम्हाला हा कायदा कसा?' असे कोणी विचारील. १९९० पासून अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांनाही तो दर्जा आहे, हे ठणकावून सांगा. जातीचा दाखला आजच काढून ट्रंकेत ठेवा. वस्तीतल्या शिकलेल्या मुलामुलींनी तक्रारदाराबरोबर ठाण्यात जावे आणि सहीपूर्वी प्रत्येक ओळ वाचावी.