जॅकेटवरच्या 'डी'चा फंडा

सेमिस्टर संपली रे संपली की हॉस्टेलच्या पार्किंगमधल्या बाइक्स घाटाच्या दिशेने सुटतात. आता त्यात रायडिंग जॅकेटची भर पडली आहे. कुणाचं ६०० डी, कुणाचं १००० डी. मेसमध्ये आमटी थंड होते, पण कुणाचा आकडा मोठा हा वाद संपत नाही. माझं मत विचाराल तर नुसता आकडा बघून जॅकेट घेणं म्हणजे जर्नलची जाडी बघून टर्मवर्कचे मार्क देणं!

मुळात हा 'डी' म्हणजे काय? डी म्हणजे डेनियर. ९००० मीटर धाग्याचं वजन ५०० ग्रॅम भरलं तर तो धागा ५०० डेनियरचा. म्हणजे आकडा सांगतो वजन. धागा कशाचा, वीण किती घट्ट, शिवण कशी, यातलं काहीही तो सांगत नाही. ६०० डेनियरचं पॉलिएस्टर तर आपल्या पाठीवरच्या सॅकलाही असतं. ती सॅक घालून कुणी स्वतःला सेफ म्हणवत नाही ना?

दुसरा मोठा शब्द कॉर्डुरा. हे कापडाचं नाव नसून ब्रँडचं नाव आहे. ते आधी रेयॉनसाठी वापरलं जायचं, पुढे जाड नायलॉनसाठी प्रसिद्ध झालं. त्यातलं ५०० किंवा १००० डेनियरचं नायलॉन ६,६ घासण्याला खरोखर चिवट असतं. पण आज त्याच नावाखाली कॉटन मिसळलेली डेनिमसुद्धा मिळते. म्हणून नुसतं नाव वाचून भुलू नका.

तिसरा शब्द केवलार. स्टेफनी क्वोलेक या केमिस्ट बाईंनी १९६५ मध्ये ड्यूपाँमध्ये काम करताना याचा शोध लावला. वजनाला वजन धरलं तर स्टीलच्या पाचपट ताकद, हे आपण सगळे पाठ म्हणून दाखवतो. पण ही ताकद ताणाची! आपण लॅबमध्ये यूटीएमवर सॅम्पल ओढून तोडतो, तशी. रस्ता ओढत नाही, तो किसणीसारखा घासतो. शिवाय केवलारला ऊन सोसत नाही, आणि बऱ्याच रायडिंग जीन्समध्ये ते फक्त गुडघ्याला आणि बुडाखाली तुकडा म्हणून लावलेलं असतं. मांडीवर घसरलात तर तिथे साधी जीन्सच!

आता थोडं फर्स्ट इयरचं फिजिक्स. ताशी ६० किलोमीटरला पडलात आणि घर्षणाचा गुणांक ०.६ धरला, तर तुम्ही साधारण २४ मीटर घसरत जाता, जवळजवळ तीन सेकंद. वजन ७० किलो असेल तर जवळपास १० किलोज्यूल ऊर्जा त्या घसरण्यात जिरते. त्यातली बरीचशी उष्णता होते, तीही कोपर, खांदा, गुडघा असल्या छोट्या जागांवर. नायलॉन ६,६ सुमारे २६० अंशांना वितळतं. डायनीमा घासायला जबरदस्त, पण वितळतं १४५ च्या आसपास. केवलार वितळतच नाही. म्हणजे सर्वगुणसंपन्न कापड असं नसतंच. थर कसे लावले, शिवण दुहेरी-तिहेरी आहे का, यावर सगळं ठरतं.

मग बघायचं काय? टेस्टचं लेबल. युरोपात २०२० पासून ईएन १७०९२ हे स्टँडर्ड आहे. त्यात कापड वेगाने फिरवून काँक्रीटवर सोडतात आणि ते थांबेपर्यंत भोक पडतं का ते बघतात. सगळ्यात धोक्याच्या भागांसाठी ए क्लासला ताशी ४५ किलोमीटर, एए ला ७० आणि एएए ला १२० चा वेग असतो. शिवणीची परीक्षा वेगळी होते. कोपर-खांद्याच्या पॅडसाठी ईएन १६२१ वेगळं. आतल्या लेबलवर हे काहीच नसेल, तर बाहेर छापलेला डी कितीही मोठा असो, दुकानदाराला सरळ विचारा.

"जॅकेटने काय होतंय, व्हायचं ते होतंच," असं म्हणणारे कट्ट्यावर असतातच. त्यांच्यासाठी एक उदाहरण. ऑस्ट्रेलियात कॅनबेरा भागात अपघात झालेल्या २१२ बाइकस्वारांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात रायडिंग जॅकेट, पँट, ग्लोव्हज घातलेल्यांना हॉस्पिटलमध्ये ॲडमिट व्हावं लागण्याचं प्रमाण कमी होतं. पण त्याच अभ्यासात सुमारे ३० टक्के जॅकेट्स अपघातात फाटून निकामी झाली होती. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. घालणं गरजेचं, आणि निवडून घालणंही.

आता खरी तक्रार. चालवणारा साहेब जॅकेट, ग्लोव्हज, नी-गार्ड असा पूर्ण नटलेला, आणि मागे बसलेली मैत्रीण किंवा ज्युनियर टी-शर्ट आणि फ्लोटर्सवर! मागच्या सीटवर बसणारी मुलगी म्हणून सांगते, डांबराला पुढचा-मागचा कळत नाही. पैसे कमी असतील तर एकाचं भारी जॅकेट घेण्यापेक्षा दोघांना आयएसआय हेल्मेट, दोघांना ग्लोव्हज आणि घोटा झाकणारे बूट आधी घ्या. ड्राफ्टर आणि ॲप्रन आपण एकमेकांना देतोच, जॅकेटही द्या. फक्त पॅड कोपरावर नीट बसतंय ना तेवढं बघा. ढगळ जॅकेटचं पॅड ऐन वेळी सरकतं.

आणि मेकॅनिकलवाल्यांनो, मिनी प्रोजेक्टचा विषय शोधताय ना? वर्कशॉपमध्ये बेल्ट ग्राइंडर आहे. सरांची परवानगी घ्या, जुनी जीन्स, सॅकचं कापड आणि एका जुन्या जॅकेटचा तुकडा सारख्याच वजनाखाली घासा, किती सेकंदांत भोक पडतं ते लिहा आणि तक्ता नोटीस बोर्डवर लावा. मेसमधला वाद मग आकड्यांनी मिटवू, पण खऱ्या आकड्यांनी!