जातीच्या रकान्यात 'मुस्लिम'

दरवर्षी जून महिन्यात आमच्या गावच्या शादीखान्यात गुणवंतांचा सत्कार होतो. मंडप, शाल, ट्रॉफी, कुराणपठण, नंतर भाषणे. प्रत्येक वक्ता एकच वाक्य वेगवेगळ्या सुरात म्हणतो: "कौम को डॉक्टर चाहिए." दहावीला नव्वद टक्के मिळवलेल्या मुलीच्या हातात माईक दिला जातो आणि ती म्हणते, मला डॉक्टर व्हायचे आहे. टाळ्या पडतात. मागच्या रांगेत बसलेले तिचे अब्बा डोळे पुसतात. मग बिर्याणी होते आणि सारे घरी जातात.

गेली दहा-बारा वर्षे आम्ही, म्हणजे उर्दू शाळेतले मास्तर, या मंडपात पहिल्या रांगेत बसत आलो आहोत. टाळ्या आम्हीही वाजवल्या. पण इतक्या वर्षांत एकाही वक्त्याने, एकाही संस्थाचालकाने आणि आमच्यापैकी एकानेही त्या मुलीला व्यासपीठावर असा प्रश्न विचारला नाही की, "बेटी, तुझ्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात काय लिहिले आहे?" हा प्रश्न समारंभात शोभत नाही, असे आम्हाला वाटत आले. आमचे म्हणणे असे आहे की आमच्या मुलांच्या वैद्यकीय जागा परीक्षेच्या सभागृहात जितक्या जातात, त्याहून लाजिरवाण्या रीतीने त्या आमच्या शाळेच्या कचेरीत जातात. आणि तिथे चोर बाहेरचा नसतो.

एक उदाहरण देतो. नाव देणार नाही. आमच्या शाळेत 2016 च्या जूनमध्ये एक मुलगी पाचवीत आली. वडील फळांची गाडी लावतात, घराणे बागवान. प्राथमिक शाळेच्या दाखल्यावर धर्माच्या रकान्यात 'मुस्लिम' आणि जातीच्या रकान्यातही 'मुस्लिम' होते. आम्ही ते जसेच्या तसे दाखल-खारिज रजिस्टरात उतरवून घेतले. अक्षर आमचेच आहे, आजही दिसते. सहा वर्षे ती आमच्यासमोर बसली. त्या सहा वर्षांत शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी घेऊन ती नोंद दुरुस्त करता आली असती, कारण मूल शाळेत असेपर्यंत अशी दुरुस्ती होऊ शकते. मूल शाळा सोडून गेले की ती दारे जवळजवळ बंद होतात. आम्हाला हा नियम माहीत होता का? होता. बी.एड.ला आम्ही शालेय व्यवस्थापनाचा पेपर दिला आहे आणि चांगले गुण घेतले आहेत.

2024 साली तिने नीट दिली. गुण असे पडले की शासकीय महाविद्यालय थोडक्यात हुकले, पण खाजगी विनाअनुदानित महाविद्यालयाची जागा पहिल्याच फेरीत मिळाली. फी वर्षाला दहा लाखांच्या वर. आता त्याच वर्षी, जुलै 2024 मध्ये, महाराष्ट्र शासनाने निर्णय घेतला होता की इतर मागासवर्ग, आर्थिक दुर्बल घटक आणि एसईबीसी या गटांतल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ. प्रवेश तेवढा शासनाच्या केंद्रीय फेरीतून झालेला हवा. बागवान इतर मागासवर्गात आहेत. फळांची गाडी लावणाऱ्याचे उत्पन्न किती ते सांगायला नको. म्हणजे ती जागा तिच्यासाठी जवळपास फुकट होती.

पण प्रांत कार्यालयात जातीचा दाखला मागायला गेले तेव्हा बागवान असल्याचा पुरावा काय, असे विचारले गेले. मुलीच्या दाखल्यावर मुस्लिम, बापाच्या दाखल्यावर मुसलमान. इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो, आणि आजोबा शाळेतच गेले नव्हते. जातीचा दाखला नाही म्हणून पडताळणी समितीकडे अर्ज नाही. पडताळणीला कधी कधी मुदतवाढ मिळते, पण ती अर्जाची पावती हातात असलेल्याला. आमच्याकडे पावतीच नव्हती. मग कोणीतरी म्हणाले, आर्थिक दुर्बल घटकातून करा, त्याला पडताळणी लागत नाही. तहसीलमध्ये उत्तर मिळाले की तुम्ही बागवान, तुमची जात आरक्षणाच्या यादीत आहे, तुम्हाला ते प्रमाणपत्र मिळणार नाही. म्हणजे एका टेबलावर ती बागवान असल्याचे सिद्ध होत नव्हते आणि दुसऱ्या टेबलावर ती बागवान असल्यामुळेच नाकारली जात होती!

फेऱ्या संपल्यानंतर, त्याच वर्षीच्या हिवाळ्यात, शेजारच्या तालुक्यातील एका मराठी शाळेच्या रजिस्टरात तिच्या चुलत आजोबांची नोंद सापडली. 1958 साल, आणि स्वच्छ अक्षरात 'मु. बागवान'. त्या अनाम मराठी गुरुजींनी सहासष्ट वर्षांपूर्वी जे काम केले, ते आम्ही पदवी, बी.एड. आणि संगणक असूनही केले नाही.

आता आमचे काही मित्र रागावतील. ते म्हणतील, इस्लाममध्ये जात नाही, मग रजिस्टरात का लिहायची? हा आक्षेप आम्ही हलक्यात घेत नाही. मसावात हा आमच्या दीनचा गाभा आहे आणि आम्हाला तो प्यारा आहे. पण आमचा साधा सवाल असा आहे की निकाहाचा पैगाम आला की पहिला प्रश्न कोणता विचारला जातो? बिरादरी कोणती! बागवानाने अत्तारांची मुलगी मागितली, पिंजाऱ्याने पठाणाची मागितली, की किती घरांत मसावात आठवते? दस्तरखानावर, कब्रस्तानाच्या वादात, जमातीच्या निवडणुकीत बिरादरी जिवंत असते. फक्त शाळेच्या रजिस्टरात तिला आम्ही इस्लामी बंधुभावाच्या नावाने दफन करतो. आणि त्या एका ठिकाणच्या समतेची किंमत फळवाल्याची मुलगी देते, भाषण करणारा देत नाही. नव्वदच्या दशकात शब्बीर अन्सारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुस्लिम ओबीसींच्या सवलतींसाठी महाराष्ट्र पिंजून काढला. दिलीपकुमारांसारखा माणूस त्यांच्यासाठी सभांना गेला. तेव्हा मिळालेला हक्क आम्ही एका रकान्याच्या आळसापायी वाया घालवतो.

दुसरे मित्र म्हणतील, मास्तर, तुम्ही आपल्याच लोकांवर घसरता, सरकारचे काय? सरकारचे आहेच. 2006 साली सच्चर समितीने सारे आकड्यांत मांडले. 2013 साली महमूदुर्रहमान समितीने महाराष्ट्रापुरते मांडले. जुलै 2014 मध्ये पाच टक्के आरक्षणाचा अध्यादेश निघाला, नोव्हेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने शिक्षणातला भाग स्थगित करायला नकार दिला, आणि तरीही पुढच्या सरकारने अध्यादेशाची मुदत संपू दिली. याबद्दल आम्हालाही संताप आहे आणि तो व्यक्त करायला आम्ही मोर्च्यात गेलो आहोत. पण जो पाच टक्क्यांसाठी रस्त्यावर येतो, त्याने आधीच हातात असलेल्या हक्काचा कागद कपाटात नीट ठेवला आहे का, हे विचारणे म्हणजे सरकारची वकिली नव्हे.

कागदाची गोष्ट निघाली म्हणून दुसऱ्या एका रकान्याविषयी. नीटच्या अर्जात प्रश्नपत्रिकेचे माध्यम विचारतात. 2017 साली ही परीक्षा दहा भाषांत झाली, त्यात उर्दू नव्हती. विद्यार्थी संघटना एस.आय.ओ. सर्वोच्च न्यायालयात गेली, आणि एप्रिल 2017 मध्ये न्यायालयाने पुढच्या वर्षापासून उर्दूचा समावेश करण्यास सांगितले. 2018 च्या मे महिन्यात उर्दू प्रश्नपत्रिका आली तेव्हा आम्ही स्टाफरूममध्ये पेढे वाटले. ही लढाई रास्त होती. उर्दू ही आमची रोजीरोटी आहे, आईची भाषा आहे, तिच्या विजयाचा आनंद कोण करणार नाही?

पण पेढे खाऊन झाल्यावर जे करायचे ते आम्ही केले नाही. आमचे मूल दहावीपर्यंत 'खलिया' आणि 'ज़ियाई तालीफ' शिकते. अकरावीला गेले की तेच सेल आणि फोटोसिंथेसिस होते. महाराष्ट्रात अकरावी-बारावीचे विज्ञान इंग्रजीतच शिकवले जाते, शिकवणीच्या नोट्स इंग्रजीत, सराव चाचण्या इंग्रजीत. दोन वर्षे धडपडून ते इंग्रजी संज्ञांशी दोस्ती करते, आणि अर्ज भरताना एखादा भावनाशील चाचा किंवा आमच्यासारखा मास्तर सांगतो, "अपनी ज़बान में भरो." मग परीक्षेत ज्या भौतिकशास्त्राचे एक पानही त्याने कधी उर्दूत वाचलेले नाही, ते त्याच्यासमोर उर्दूत येते. बाजूला इंग्रजी मजकूर असतो, शंका आली तर इंग्रजीच ग्राह्य धरतात; पण एकशेऐंशी मिनिटांत एकशेऐंशी प्रश्न सोडवणाऱ्याला, एक चूक झाली की एक गुण गमावणाऱ्याला, दोन भाषांत डोळे फिरवायला फुरसत कुठे? ज्याने बारावीपर्यंत खरोखर उर्दूत विज्ञान वाचले आहे त्याने उर्दू जरूर निवडावी. पण आमच्या गावात असे मूल आम्ही पाहिलेले नाही. उर्दूवरचे प्रेम दाखवायचे असेल तर आठवीपासून विज्ञानाची प्रत्येक संज्ञा फळ्यावर दोन्ही भाषांत लिहावी. ते कष्टाचे काम आहे, आणि त्याला पेढे नसतात.

तिसरा रकाना महाविद्यालयांच्या पसंतीक्रमाचा. सप्टेंबर 2020 मध्ये शासनाने 70:30 चे प्रादेशिक बंधन काढले. मराठवाड्यातल्या पालकांनी त्याचे किती स्वागत केले होते! राज्याच्या पंच्याऐंशी टक्के कोट्यात आता कुठलीही जागा साऱ्यांना खुली. मुलींना तीस टक्के समांतर आरक्षण आहे. 2024 साली एकट्या महाराष्ट्रात दहा नवी शासकीय महाविद्यालये सुरू झाली, त्यांत गडचिरोली, भंडारा, वाशीम, बुलढाणा, हिंगोली, जालना आहेत. आणि आमचे पालक सायबर कॅफेत बसून मुलीच्या यादीत तीन नावे लिहितात. आम्ही एकाला म्हणालो, साहेब, खाली गडचिरोली, गोंदिया, नंदुरबार घाला, यादी लांब असल्याने काही बिघडत नाही. वरचे मिळाले तर खालचे कोणी विचारतही नाही. ते म्हणाले, "सर, लडकी को इत्ते दूर कौन भेजता? लोगां क्या बोलेंगे?" मुलगी शेजारी उभी होती. तिने काहीच म्हटले नाही. तिच्या गुणांवर त्या वर्षी त्या तीनपैकी एकही मिळाले नाही, आणि यादीत नसलेले महाविद्यालय संगणक कोणाला देत नाही.

गंमत अशी की हाच बाप पुढच्या वर्षी मुलासाठी परदेशाचा एजंट शोधतो. मुलगा नीटला जेमतेम पात्र, पण तो किर्गिझस्तानला चालतो. एजंट गुळगुळीत पत्रक देतो, त्यावर हलाल जेवणाचा उल्लेख ठळक असतो. 2021 च्या नियमांनुसार किमान चोपन्न महिन्यांचा अभ्यासक्रम, इंग्रजी माध्यम आणि बारा महिन्यांची आंतरवासिता लागते, आणि परतल्यावर जी परीक्षा द्यावी लागते तिच्यात अलीकडच्या बऱ्याच सत्रांत चारांतला एखादाच उत्तीर्ण झाला आहे, हे पत्रकावर नसते. त्यासाठी प्लॉट विकला जातो. लेकीच्या गडचिरोलीच्या एसटी भाड्याला मात्र इज्जत आडवी येते.

फळवाल्याची ती मुलगी आज युनानी शिकते. बीयूएमएसला प्रवेश नीटमधूनच होतो आणि दहावीला उर्दू, अरबी किंवा फारसी असलेल्याला पूर्वतयारीचे वेगळे वर्ष लागत नाही. म्हणजे आमच्या शाळेने तिला दिलेली एकच गोष्ट तिच्या कामी आली. ती मन लावून शिकते आहे आणि चांगली हकीम होईल. युनानीला आम्ही कमी लेखत नाही. मालेगाव, पुणे, अक्कलकुव्याच्या तिब्बी महाविद्यालयांतून निघालेल्यांनीच कित्येक मोहल्ल्यांत दवाखाने चालवले आहेत. पण तिने निवडले असते तर ती निवड असती.

गेल्या जूनमध्ये आम्ही पाचवीच्या नव्या दाखल्यांची तपासणी केली. एक्केचाळीस मुले. तेहेतीस जणांच्या जातीच्या रकान्यात 'मुस्लिम'. एकेका बापाला बोलावले. जे शेख, सय्यद, पठाण म्हणून कुठल्याच यादीत नाहीत त्यांना 2019 पासूनच्या आर्थिक दुर्बल घटकाच्या दहा टक्क्यांविषयी सांगितले. ते प्रमाणपत्र आयत्या वेळी काढायचे असते, पण उत्पन्नाचे कागद आतापासून जपा म्हटले. बाकीच्यांना आजोबांच्या, चुलत्यांच्या शाळेचा शोध घ्यायला पाठवले. काहींनी सरळ नकार दिला. एक तांबोळी गृहस्थ म्हणाले, "सर, अल्लाह के पास क्या यही लेके जाना है?" आम्ही म्हणालो, अल्लाहकडे नाही, प्रांत कार्यालयात.

ते हसले नाहीत. आठ दिवसांनी मात्र आले, प्लॅस्टिकच्या पिशवीत त्यांच्या वडिलांच्या शाळेचा 1964 चा उतारा घेऊन. एकोणीस अर्ज शिक्षणाधिकाऱ्यांकडे रवाना झाले आहेत. चौदा पालकांची वाट पाहतो आहोत. सहावी ते दहावीची रजिस्टरे अजून उघडायची आहेत.