शाळा व्यवस्थापन समितीतली एक जागा : सातारा-सांगलीतील निवृत्त शिक्षकांना जाहीर आवाहन

जिल्हा परिषद, नगरपालिका आणि महापालिकेच्या प्रत्येक प्राथमिक शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असावी लागते. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या 2009 च्या कायद्यातील कलम 21 तसे सांगते. हा कायदा 1 एप्रिल 2010 पासून अमलात आला आणि 17 जून 2010 च्या शासन निर्णयाने महाराष्ट्रातील समित्यांची रचना ठरली. सदस्य सचिव सोडून 12 ते 16 सदस्य, त्यांत तीन चतुर्थांश पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला, असे तिचे स्वरूप आहे. समिती बारा जणांची असेल तर नऊ पालक होतात. उरलेल्यांत स्थानिक स्वराज्य संस्थेचा एक निवडून आलेला प्रतिनिधी असतो, शाळेतल्या शिक्षकांनी निवडलेला एक शिक्षक असतो आणि एक स्थानिक शिक्षणतज्ज्ञ किंवा बालविकास तज्ज्ञ असतो. या तिसऱ्या व्यक्तीची निवड पालक सभेत पालकच करतात. मुख्याध्यापक पदसिद्ध सचिव असतात. दर दोन वर्षांनी समिती नव्याने बांधायची असते. हे आवाहन त्या शिक्षणतज्ज्ञाच्या एका जागेसाठी आहे.

ही जागा पुष्कळ गावांत नावापुरती भरली जाते. सभेत कुणीतरी एक नाव सुचवतो, दुसरा अनुमोदन देतो आणि दोन वर्षे त्या नावापुढे सह्या होत राहतात. कधी नाव गावातल्या वजनदार माणसाचे असते, कधी शाळेला पंखे देणाऱ्या देणगीदाराचे. दात्याचा मान शाळेने जरूर राखावा, पण त्यासाठी 26 जानेवारीचा कार्यक्रम आहे. तज्ज्ञाच्या खुर्चीवर हजेरीपट, युडायसची माहिती आणि संचमान्यतेचा कागद वाचता येणारा माणूस हवा. असा माणूस सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या जवळपास प्रत्येक मोठ्या गावात घरी बसलेला आहे. महाराष्ट्रात शिक्षक वयाच्या 58 व्या वर्षी निवृत्त होतो. शाळेत नाव घालताना ज्यांची जन्मतारीख सरसकट 1 जून लावली गेली, त्या पिढीतले शिक्षक तर 31 मे रोजी एकदमच निरोपाचे नारळ घेऊन घरी येतात आणि पंधरवड्यात नवे शैक्षणिक वर्ष सुरू होते.

प्राथमिक शिक्षणाच्या कारभारात लोकांनी निवडलेली माणसे असावीत ही कल्पना शंभर वर्षांपेक्षा जुनी आहे. 1882 मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुले यांनी प्राथमिक शिक्षणावर भर दिला होता. शिक्षक शक्य तितके शेतकरी वर्गातून यावेत आणि त्यांना बरा पगार असावा, असे त्यांचे म्हणणे होते. फुले घराण्याचे मूळ गाव खटाव तालुक्यातील कटगुण आणि सावित्रीबाईंचे जन्मगाव खंडाळा तालुक्यातील नायगाव, म्हणजे दोन्ही गावे आजच्या सातारा जिल्ह्यातली. मुंबई इलाख्यात 1923 च्या प्राथमिक शिक्षण कायद्याने शाळा स्थानिक संस्थांच्या ताब्यात दिल्या. 1947 च्या कायद्याने जिल्हा शाळा मंडळांची घडी बसली. 1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदा आल्या आणि ग्रामीण प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. त्या वेळचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण देवराष्ट्रे गावचे. त्यांच्या जन्मावेळी ते गाव सातारा जिल्ह्यात होते, आज सांगलीत आहे. शहरांतील शिक्षण मंडळे पुढेही अनेक वर्षे राहिली, पण 2013 मधील कायदाबदलानंतर तीही संपत गेली.

मार्च 2022 मध्ये दोन्ही जिल्हा परिषदांच्या लोकनियुक्त सभागृहांची मुदत संपली आणि प्रशासक आले. सभागृह नाही म्हणजे शिक्षण सभापती नाहीत आणि शिक्षण समितीची सभाही नाही. त्या काळात गावच्या शाळेबद्दल लोकांच्या वतीने विचारणा करू शकणारे सर्वांत जवळचे निवडलेले मंडळ होते, ते म्हणजे शाळेची व्यवस्थापन समिती. ती किती शाळांत खरोखर बसत होती, हे ज्या त्या गावाने आपले इतिवृत्त उघडून पाहावे.

निवृत्त शिक्षकांना निवडणूक नवी नाही. प्राथमिक शिक्षक बँकांच्या निवडणुका दोन्ही जिल्ह्यांत चुरशीने होतात. पॅनेल कसे बांधायचे आणि नाराजाला कसे वळवायचे, हे कित्येकांनी नोकरीतच शिकून घेतलेले असते. विधान परिषदेच्या पुणे शिक्षक मतदारसंघात पुणे, सोलापूर आणि कोल्हापूरसोबत सातारा आणि सांगलीही येतात. मात्र राज्यघटनेच्या कलम 171 नुसार तिथला मतदार माध्यमिक किंवा त्यावरच्या संस्थेत शिकवणारा असावा लागतो. जिल्हा परिषद शाळेत आयुष्य घालवलेल्या प्राथमिक शिक्षकाला तिथे मत नाही. या सगळ्या चढाओढीच्या मानाने समितीतली जागा फार लहान आहे. तिला मानधन नाही, गाडी नाही, आणि अध्यक्षपदही नाही, कारण अध्यक्ष व उपाध्यक्ष पालकांमधूनच निवडायचे असतात. म्हणूनच ती शिक्षकाला शोभते.

समितीची कामे कायद्यात मोजकीच लिहिली आहेत. शाळेच्या कामकाजावर देखरेख करणे, शाळा विकास आराखडा तयार करून त्याची शिफारस करणे, शासनाकडून, स्थानिक प्राधिकरणाकडून किंवा अन्य कुठून आलेल्या अनुदानाच्या विनियोगावर लक्ष ठेवणे, आणि नियमांनी सोपवलेली इतर कामे. कलम 22 मधला विकास आराखडा यांत सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. पुढील तीन वर्षांत कोणत्या वर्गात किती मुले असतील, त्यांना किती शिक्षक लागतील, खोल्या आणि स्वच्छतागृहे किती कमी पडतील आणि त्याला पैसा किती लागेल, हे त्यात मांडायचे असते. मागच्या आराखड्यावर नवे वर्ष टाकून तो पुढे पाठवला तरी वरून सहसा कुणी अडवत नाही. तीस वर्षे पटाशी झुंजलेल्या माणसाला हे अंदाज बोटांवर करता येतात. अंगणवाडीत किती मुले आहेत, कोणत्या वस्तीवरून किती येतील, कोणते कुटुंब दिवाळीनंतर ऊसतोडीला जाईल, हे त्याला कार्यालयाआधी कळते.

पटाचा एक आकडा शाळेचे नशीब कसे बदलतो, हेही तोच पालकांना समजावून सांगू शकतो. कायद्याच्या परिशिष्टानुसार पहिली ते पाचवीच्या वर्गांत 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि 61 ते 90 मुलांसाठी तीन शिक्षक आहेत. समग्र शिक्षा योजनेतले संयुक्त शाळा अनुदानही पटावर ठरते. 30 पर्यंत मुले असलेल्या शाळेला वर्षाला 10 हजार रुपये, 31 ते 100 मुलांच्या शाळेला 25 हजार आणि 101 ते 250 मुलांच्या शाळेला 50 हजार असे त्याचे टप्पे आहेत. त्यातली किमान दहा टक्के रक्कम स्वच्छतेवर खर्च करायची असते. रक्कम मोठी नाही, पण तिची पावती आणि कीर्दीतली नोंद बैठकीत वाचली गेली की पालकांचा शाळेवरचा विश्वास वाढतो. मुख्याध्यापकालाही ते सोयीचे असते, कारण गावात उठणाऱ्या अर्ध्या संशयांना तिथेच उत्तर मिळते.

दोन्ही जिल्ह्यांत शाळांचे प्रश्न तालुक्यागणिक वेगळे आहेत. पाटण, जावळी आणि महाबळेश्वरच्या डोंगरात पट इतका कमी असतो की शाळा टिकेल की नाही, हाच पहिला प्रश्न होतो. वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याचा विचार शासनाने 2023 मध्ये पुढे आणला, तेव्हा अशा वाड्यांमध्ये काळजी पसरली. नियमाने प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आणि उच्च प्राथमिक शाळा तीन किलोमीटरच्या आत हवी. नकाशावरचे अंतर आणि पावसाळ्यातली पायवाट यांत किती फरक असतो, हे लेखी मांडायला तिथे शिकवलेला माणूस लागतो. जावळी तालुक्यातील खिरखंडीच्या मुली कोयना जलाशयातून स्वतः होडी वल्हवत शाळेला जातात, या बातमीची मुंबई उच्च न्यायालयाने 2022 मध्ये स्वतःहून दखल घेतली. प्रत्येक वाडीचा प्रश्न न्यायालयापर्यंत जात नाही. तो आराखड्यात मात्र जाऊ शकतो.

माण, आटपाडी आणि जतच्या दुष्काळी पट्ट्यात मुले हंगामात बाहेर जातात. कराड, वाळवा आणि मिरजेच्या उसाच्या पट्ट्यात उलट बाहेरच्या टोळ्यांची मुले कोप्यांवर येऊन राहतात. कोणत्या मुलाला शिक्षण हमी पत्रक दिले, कोणते मूल परत आले आणि कोणते हजेरीपटावरच राहिले, याची विचारणा समितीच्या दरमहा बैठकीत व्हायला हवी. जत तालुक्यात कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत आणि शासन निर्णय मराठीत येतात. तिथला दोन्ही भाषा जाणणारा निवृत्त शिक्षक पालकांच्या फार उपयोगी पडेल.

आता अडचणीची बाजू. निवृत्त मुख्याध्यापक समितीत आले की पुष्कळदा शाळेला दोन मुख्याध्यापक होतात. मुख्याध्यापकाच्या खुर्चीवर बसलेला त्यांचा एकेकाळचा सहायक किंवा विद्यार्थी असेल तर तो गप्प बसतो आणि पालक सदस्य त्याहून गप्प बसतात. नऊ पालक ऐकत आहेत आणि एकटे गुरुजी बोलत आहेत, अशी बैठक कायद्याला नको होती. कायद्याने पालकांना तीन चतुर्थांश जागा दिल्या, दुर्बल व वंचित गटातील मुलांच्या पालकांना प्रमाणात जागा दिल्या, त्या त्यांनी बोलावे म्हणून. शेतमजुरी करणाऱ्या आईने विचारलेला प्रश्न इतिवृत्तात तिच्या शब्दांत उतरवून घेणे हे तज्ज्ञाचे काम आहे. वर्गात जाऊन फळ्यावरचे उदाहरण दुरुस्त करणे त्याचे काम नाही.

काहींनी ही जागा मागू नये, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. 7 जुलै 2023 च्या शासन निर्णयाने जिल्हा परिषद शाळांतील रिक्त पदांवर निवृत्त शिक्षकांना वयाच्या 70 वर्षांपर्यंत दरमहा 20 हजार रुपये मानधनावर घेण्याची सोय झाली. अशा नेमणुकीवर काम करणाऱ्याने त्याच शाळेवर देखरेख करायला बसणे बरे दिसत नाही. शाळेला साहित्य पुरवणारे, खासगी शिकवणी चालवणारे आणि स्वतःची नातवंडे दुसऱ्या शाळेत घालून इथे उपदेश करू पाहणारे यांनीही विचार करावा. शेवटच्या प्रकाराला कायद्याची आडकाठी नाही, पण पालक ते सभेत विचारतील आणि विचारावेच.

खासगी अनुदानित शाळांत समितीचे अधिकार कमी आहेत. 2012 च्या दुरुस्तीनंतर त्यांच्या समित्या आणि अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांतील समित्या सल्लागार स्वरूपाच्या झाल्या. विनाअनुदानित खासगी शाळांना कलम 21 लागूच नाही. म्हणून पहिले लक्ष जिल्हा परिषद, नगरपालिका आणि सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेच्या शाळांकडे द्यायला हवे.

जागेसाठी अर्ज, अनामत किंवा चिन्ह लागत नाही. शाळेत जाऊन सध्याच्या समितीची मुदत कधी संपते आणि पालक सभा केव्हा आहे, हे मुख्याध्यापकांना विचारायचे. रचनेबाबतच्या शासन निर्णयांत वेळोवेळी बदल होतात, त्यामुळे ताजी प्रत त्यांच्याकडेच मागून वाचायची. सभेपूर्वी चार-दोन वस्त्यांवर पायी फिरून पालकांना भेटायचे आणि दोन वर्षांत कोणते एक काम हाती घेणार, तेवढे सांगायचे. सभेची वेळ मजुरीच्या वेळेत असेल तर ती संध्याकाळी ठेवण्याची विनंती आधीच करायची, नाहीतर निवड पाच-सहा जणांत उरकते.

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील निवृत्त शिक्षक आणि शिक्षिकांनी, विशेषतः शिक्षिकांनी, येत्या पालक सभेत या जागेसाठी आपले नाव पुढे करावे. पालकांनीही सभेला यावे, उमेदवाराला प्रश्न विचारावेत आणि कुणाच्या घरी जाऊन ठरलेले नाव तसेच मंजूर करू नये.